गाडी परगावी पाठवताय? आधी बिल्टी कुणाच्या नावाची ते विचारा

'पुण्याहून कार ट्रान्सपोर्ट' असं शोधून समोर आलेल्या पहिल्या फॉर्ममध्ये मोबाइल नंबर भरला, आणि संध्याकाळपर्यंत मला चौदा फोन आले. भाव साडेअकरा हजारांपासून सव्वीस हजारांपर्यंत. गाडी तीच, कोथरूड ते गुरुग्राम हे अंतरही तेच. सव्वीसवाला लुटतोय आणि साडेअकरावाला बिचारा प्रामाणिक आहे, असं मी त्या दिवशी ठरवून टाकलं.

आम्ही दोघं आधीच विमानानं निघून गेलो होतो. गाडी न्यायला माणूस आला तेव्हा सोसायटीच्या गेटपाशी बाबा एकटेच होते. "अंकल, इधर साइन कर दो," म्हणून त्यानं गाडीच्या बॉनेटवरच कागद ठेवला आणि बाबांनी सही केली. एक शहाणपण मात्र त्यांनी केलं. जुन्या सवयीनं किलोमीटरचा आकडा घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवला: ४१,३८६.

कंपनीनं सांगितलं होतं की वाघोलीच्या यार्डात गाडी बंद कंटेनरमध्ये चढेल. रात्री पावणेअकराला माझ्या मोबाइलवर फास्टॅगचा मेसेज आला, खालापूर टोलनाक्यावर पैसे कापले गेल्याचा. बंद कंटेनरमधल्या गाडीचा टॅग टोलनाक्याला दिसत नाही. म्हणजे आमची गाडी कुणीतरी एक्स्प्रेसवेवरून मुंबईच्या दिशेनं चालवत होतं. बाराव्या दिवशी, रात्री अकरा वाजता, मानेसरच्या अलीकडे हायवेच्या सर्व्हिस रोडवर ती उतरवली. मोबाइलच्या टॉर्चमध्ये जेवढं दिसलं तेवढं बघितलं आणि 'गाडी सुस्थितीत मिळाली' या ओळीखाली सही केली. सकाळी मागच्या डाव्या दाराला पोचा दिसला, डिकीतला जॅक गायब होता आणि काट्यावर ४१,६०२ होते. कंपनीला फोन केला तर उत्तर आलं, "मॅडम, गाडी तो ट्रान्सपोर्टर ने भेजी, हमने तो सिर्फ बुकिंग की थी." बिल्टी, म्हणजे गाडी ताब्यात घेतल्याची ट्रान्सपोर्टवाल्याची पावती, काढून बघितली. तिच्यावर ज्या फर्मचं नाव होतं ते मी त्याआधी कधी ऐकलंही नव्हतं.

नंतर दोन वर्षांनी तीच गाडी पुण्याला परत आणली, आणि मावसभावाची गाडी चेन्नईला पाठवायलाही मीच बसले होते. त्या दोन्ही वेळा धड गेल्या. पहिल्यांदाच गाडी पाठवणाऱ्यांसाठी त्या तिन्ही खेपांतून गोळा झालेलं इथे क्रमानं लिहिते.

पाठवायची, की चालवत न्यायची?

हा हिशेब आधी करा, कारण बरेचदा कंपनीची गरजच नसते. पुणे ते बेंगळुरू साधारण ८४० किलोमीटर. लिटरला १५ किलोमीटर धरले तर ५६ लिटर पेट्रोल, १०५ रुपये भावानं सहा हजारांच्या आत. टोल वेगळा. पहाटे निघालात तर रात्रीपर्यंत पोचता. या अंतराला मी गाडी पाठवणार नाही. पुणे ते गुरुग्राम मात्र चौदाशे-साडेचौदाशे किलोमीटर आहे. नुसतं पेट्रोल दहा हजारांच्या घरात जातं, वर टोल, निदान एक मुक्काम, दोन दिवसांची रजा आणि अनोळखी रस्त्यावरचं ड्रायव्हिंग. हजार किलोमीटरच्या पुढे पाठवणं परवडतं, असं माझं मत. घरात तान्हं मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर त्याआधीही.

रेल्वेनं पाठवता येईल का, असं हमखास विचारलं जातं. दुचाकी जाते: पेट्रोल पूर्ण काढून, पॅकिंग करून पार्सल ऑफिसात द्यायची. कारच्या बाबतीत मात्र रेल्वेच्या खास डब्यांमधून जातात त्या कारखान्यातल्या नव्या गाड्या. तुमच्या-आमच्या एकट्या गाडीसाठी व्यवहारात रस्ताच.

दिल्ली आणि आजूबाजूच्या एनसीआर पट्ट्यात जात असाल तर आणखी एक गोष्ट आधी बघा. तिथे १० वर्षांपुढच्या डिझेल आणि १५ वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आहेत आणि त्यांचे आदेश कोर्टात सारखे बदलत असतात. गाडी तेवढी जुनी असेल तर निघण्याच्या आठवड्यात काय नियम लागू आहे ते बघूनच भाडं ठरवा. पोचल्यावर गाडी नुसती उभी राहणार असेल तर ती इथेच विकलेली बरी.

फोनवरचा माणूस नक्की कोण?

या धंद्यात तीन थर आहेत. सगळ्यात वर फॉर्म भरून घेणाऱ्या साइट. त्यांच्याकडे ट्रक नसतो, ऑफिसही नसतं. तुमचा नंबर विकणं हाच त्यांचा धंदा. मला आलेले चौदा फोन तिथूनच आले होते. मधल्या थरात पॅकर्स-मूव्हर्स आणि बुकिंग एजंट. खाली खरे ट्रान्सपोर्टवाले, ज्यांचे ट्रेलर आणि कंटेनर रस्त्यावर धावतात.

मधला माणूस असणं यात वाईट काही नाही. ट्रेलरमालक एकेका गिऱ्हाईकाशी बोलत बसत नाही, त्यामुळे एजंट लागतोच. मुद्दा एवढाच की पोचा आला तर कुणाला धरायचं. त्याचं उत्तर वेबसाइटवर किंवा स्टार रेटिंगमध्ये मिळत नाही, ते बिल्टीवर मिळतं. बिल्टी म्हणजे एलआर, लॉरी रिसीट. माल ताब्यात घेतल्याची ट्रान्सपोर्टवाल्याची पावती. कायद्याच्या दृष्टीनं तुमची गाडी तिच्यावर नाव असलेल्या फर्मनं स्वीकारलेली असते.

म्हणून आता मी भाव विचारायच्या आधी तीन प्रश्न विचारते. बिल्टी तुमच्या नावाची निघणार की दुसऱ्या कुणाच्या? ट्रक तुमचा स्वतःचा आहे की बाजारातून घेणार? माझ्या घरापासून यार्डापर्यंत गाडी कोण चालवणार, आणि किती किलोमीटर? चौदापैकी दहा जण पहिल्याच प्रश्नाला अडखळतात. दुसऱ्या खेपेला एक जण सरळ म्हणाला, "ट्रक बाहर का होगा, पर बिल्टी मेरी रहेगी, नुकसान हुआ तो मैं बैठा हूँ." त्यालाच काम दिलं. तो सगळ्यात स्वस्तही नव्हता आणि सगळ्यात महागही नव्हता.

नाव, नंबर, पत्ता कसा तपासायचा

घरबसल्या वीस मिनिटांत होणारं हे काम आहे. त्यांच्याकडून जीएसटी नंबर मागून घ्या आणि जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेयर'मध्ये टाका. लॉगिन लागत नाही. फर्मचं कायदेशीर नाव, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली, हे सगळं समोर येतं. 'पंचवीस वर्षांचा अनुभव' असं छातीठोकपणे सांगणाऱ्या एकाची नोंदणी सात महिन्यांपूर्वीची निघाली.

त्या पंधरा अक्षरी नंबरातही बरंच काही असतं. पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, गोवा ३०, हरियाणा ०६, दिल्ली ०७. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. त्या पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे पूर्ण नंबरातलं सहावं, 'पी' असेल तर नोंदणी एका व्यक्तीच्या पॅनवर आहे, 'सी' असेल तर कंपनीच्या, 'एफ' असेल तर भागीदारी फर्मच्या. एकट्या माणसाची फर्म असणं हा काही गुन्हा नाही, माझं दुसऱ्या वेळचं काम तशाच माणसानं केलं. पण नाव 'अमुक लॉजिस्टिक्स प्रायव्हेट लिमिटेड' आणि सहावं अक्षर 'पी', असं असेल तर फोन ठेवा.

एका मोठ्या नावाशी मिळतंजुळतं नाव लावणाऱ्या फर्म या धंद्यात पैशाला पासरी आहेत. कुठे एक अक्षर जास्त, कुठे पुढे 'न्यू' किंवा 'ओरिजिनल'. त्यामुळे 'नाव ऐकल्यासारखं वाटतंय' यावर अजिबात जाऊ नका.

ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी 'कॅरेज बाय रोड ॲक्ट, २००७' नावाचा कायदा आहे. त्यानुसार लोकांचा माल भाड्यानं नेणाऱ्याला कॉमन कॅरिअर म्हणून नोंदणी करावी लागते. तो नोंदणी क्रमांक विचारा. बरेच जण 'वो क्या होता है' म्हणतील, आणि ते उत्तरही उपयोगाचंच.

गूगलवरचे अभिप्राय वाचताना पाच स्टारवाले सोडून द्या. एक आणि दोन स्टारचे, तेही ताजे, वाचा. 'मधेच जादा पैसे मागितले' ही तक्रार तीनदा दिसली तर तो त्यांचा धंदाच समजायचा. पोचायच्या शहरात शाखा आहे असं सांगत असतील तर त्या शाखेचा लँडलाइन नंबर घ्या आणि तिथल्या माणसाशी बोला. आणि टोकन यूपीआयनं देताना पैसे पाठवण्याआधी पडद्यावर जे नाव दिसतं ते कोटेशनवरच्या नावाशी जुळतंय का ते बघा. भलत्याच माणसाच्या खात्याचं नाव आलं तर थांबा.

भाव आणि तारीख

भाव एवढा वर-खाली का होतो ते समजलं की घासाघीस सोपी जाते. कार वाहून नेणारे मोठे ट्रेलर मुळात कारखान्यांसाठी धावतात. चाकण-पिंपरी, गुरुग्राम-मानेसर, चेन्नईजवळचं श्रीपेरंबुदूर. नव्या गाड्या पोचवून झाल्या की परतीला रिकामं यायला नको म्हणून मालक खासगी गाड्या उचलतो. म्हणून वर्दळीच्या मार्गावर लोड लवकर मिळतो आणि स्वस्तातही पडतो. आडवाटेच्या गावाला, म्हणजे समजा रत्नागिरीहून रांचीला, गाडी पाठवायची असेल तर ती दोन-तीन ठिकाणी उतरून पुन्हा चढणार. तितक्या वेळा कुणीतरी ती चालवणार.

ट्रेलर भरल्याशिवाय निघत नाही. 'चार दिवसांत पोच' म्हणजे निघाल्यापासून चार दिवस. त्याआधी गाडी यार्डात किती दिवस उभी राहील हे कुणी आपणहून सांगत नाही. कोटेशनमध्ये दोन तारखा लिहून घ्या: लोड व्हायची आणि उतरायची. मे-जूनमध्ये बदल्या आणि शाळांमुळे गर्दी असते. दिवाळी-छठच्या सुमारास ड्रायव्हर गावी जातात. हिवाळ्यात दिल्लीतली हवा बिघडली की ट्रकच्या प्रवेशावर बंदी येते. या काळात आठवडाभर जादा धरूनच चाला.

कोटेशन ईमेलवर किंवा निदान व्हॉट्सॲपवर लेखी घ्या, सगळा खर्च धरून. जीएसटी आत की बाहेर, घरापासून नेणं आणि घरी पोचवणं धरून की यार्ड ते यार्ड, लोडिंग-अनलोडिंगचं काय. आपल्या गल्लीबोळात ट्रेलर शिरत नाही. तेव्हा 'डोअर टू डोअर' म्हणजे दोन्ही टोकांना तुमची गाडी त्यांचा माणूस चालवणार, हे गृहीत धरा. मी आता 'घरापासून यार्डापर्यंत २५ किलोमीटरपेक्षा जास्त चालवणार नाही' अशी ओळ लिहून घेते. कार ट्रेलरवर नेणार की एकाच गाडीच्या छोट्या ट्रकवर, तेही लिहून घ्या. एकट्या गाडीचा ट्रक लांबच्या अंतराला महाग पडतो. उघडा ट्रेलर की बंद कंटेनर, असं विचारलं तर बंद कंटेनर. धूळ, दगड आणि चोऱ्या, तिन्ही कमी. फक्त गाडी फार बुटकी असेल तर रॅम्पवर तिचं पोट घासणार नाही ना, हे विचारून ठेवा.

विमा: इथेच सगळ्यात जास्त फसगत होते

कोटेशनमध्ये 'इन्शुरन्स ३ टक्के' अशी ओळ असते. सहा लाखांच्या गाडीला अठरा हजार, कधीकधी भाड्याइतकेच. आपण समजतो विमा उतरला. प्रत्यक्षात बरेचदा ती नुसती जादा वसुली असते, कुठल्याही विमा कंपनीकडे त्यातला एक रुपयाही जात नाही. ट्रान्झिट विम्याचे पैसे देणार असाल तर गाडी चढायच्या आधी विमा कंपनीचं सर्टिफिकेट हातात पाहिजे: तुमचं नाव, गाडीचा नंबर, कुठून कुठे, किती रकमेचा. ट्रान्सपोर्टवाल्याच्या लेटरहेडवर 'इन्शुअर्ड' असा शिक्का मारून काही होत नाही.

आता यातली एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते, मलाही नव्हती. तुमच्या गाडीची पॅकेज पॉलिसी, जिला आपण कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणतो, तिच्या पहिल्याच भागात कोणकोणत्या नुकसानीची भरपाई मिळते त्याची यादी असते: आग, चोरी, दंगल, पूर, अपघात वगैरे. त्याच यादीत रस्ता, रेल्वे, जलमार्ग, लिफ्ट किंवा विमानानं वाहून नेताना झालेलं नुकसानही आहे. म्हणजे ट्रेलरवरून पडलेल्या गाडीचा क्लेम तुमच्या नेहमीच्या पॉलिसीत बसतो. सक्तीची वजावट, म्हणजे क्लेममधली आपल्या खिशातून जाणारी रक्कम, १५०० सीसीपर्यंत हजार रुपये, त्यापुढे दोन हजार. शिवाय नो क्लेम बोनस जातो, म्हणून पोच्या-ओरखड्यासाठी क्लेम परवडत नाही. पण मोठ्या नुकसानीची भीती घालून कुणी तीन टक्के मागत असेल तर हे लक्षात असू द्या. पॉलिसी नुसती थर्ड पार्टी असेल तर मात्र यातलं काहीच मिळत नाही. प्रवासाच्या काळात पॉलिसी संपत नाही ना, तेही बघा.

दुसरं बिल्टीच्या मागच्या बाजूचं. वर सांगितलेल्या २००७च्या कायद्यात आणि त्याखालच्या २०११च्या नियमांत ट्रान्सपोर्टवाल्याची जबाबदारी मर्यादित केलेली आहे: भाड्याच्या दहापट. त्यापुढे जबाबदारी हवी असेल तर मालाची किंमत जाहीर करून जादा दर कबूल करावा लागतो. भाडं बारा हजार असेल तर सहा लाखांच्या गाडीसाठी कमाल एक लाख वीस हजार. म्हणून गाडीची किंमत बुकिंगच्या कागदावर आणि बिल्टीवर लिहिली गेलीच पाहिजे, आणि बिल्टीवर 'ओनर्स रिस्क' असं छापलं असेल तर तो शब्द खोडून 'कॅरिअर्स रिस्क' लिहून घ्या. त्यासाठी थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील. मी तीन टक्के कधीच दिले नाहीत, हे मात्र दिले.

गाडी देण्याच्या दिवशी

गाडी धुवा. मळक्या गाडीवर जुना ओरखडा की नवा हे कळत नाही. भर दिवसा, एका दमात, न थांबता व्हिडिओ काढा: चारही बाजू, टप, बंपरखालची कड, चाकांच्या रिम, काच, आतल्या सीट, डिकी उघडून स्टेपनी, जॅक आणि पान्हे, आणि शेवटी किलोमीटरचा काटा व पेट्रोलचा काटा. हाच व्हिडिओ तिथल्या तिथे कंपनीच्या नंबरवर पाठवा, म्हणजे त्यावर तारीख-वेळ लागते.

पेट्रोल पाव टाकीच्या आत. आत सामान ठेवू नका. 'भाभी, दो कार्टन रख दो, चल जाएगा,' असं तो म्हणेल, पण हरवलं तर त्याची नोंद कुठेच नसते. आमच्या मावसभावानं डिकीत हळकुंडं, गोडा मसाला आणि कुकर असा अर्धा संसार भरला होता. मी तो सगळा उतरवला, तो आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हता. ओरिजिनल आरसी देऊ नका. आरसी, विमा आणि पीयूसीच्या झेरॉक्स पुरतात. एक किल्ली द्या, दुसरी तुमच्याकडे. गाडीतला डॅशकॅम आणि चार्जर काढून घ्या.

फास्टॅगचं काय करायचं? टॅग काचेवरच राहू द्या आणि मेसेज चालू ठेवा. गाडी कुणी चालवत असेल तर तुम्हाला कळवणारा तोच एक साक्षीदार. उघड्या ट्रेलरवर मात्र चढलेल्या गाडीचा टॅगही नाक्यावर वाचला जाऊ शकतो. तेव्हा मेसेज आला की लगेच भांडायला न जाता ट्रेलरवरच्या गाडीचा फोटो मागा. न्यायला आलेला माणूस गाडी चालवणार असेल तर त्याच्या लायसन्सचा फोटो काढा. तुमची गाडी तुमच्या नावावर आहे. त्यानं कुणाला ठोकलं तर थर्ड पार्टी दाव्यात नाव तुमचं येणार, आणि विनालायसन्स ड्रायव्हर असेल तर विमा कंपनी हात वर करणार.

ट्रकचा नंबर मिळाला की एमपरिवहन ॲपवर टाका. तो खरंच मालवाहू आहे का, फिटनेस आणि विमा चालू आहे का, दोन मिनिटांत दिसतं. चढवल्यावरचा फोटो मागा, त्यात चाकं दिसली पाहिजेत: चारही चाकांना पट्टे आणि पुढे-मागे उटी, म्हणजे चाक सरकू नये म्हणून लावलेली पाचर. पट्टा चाकाला हवा, सस्पेन्शनला किंवा बंपरच्या हुकाला बांधलेला नको.

घरातलं म्हातारं माणूस गाडी सोपवणार असेल, जसे आमचे बाबा, तर त्यांना एवढंच सांगून ठेवा: बिल्टीचा फोटो मला आल्याशिवाय किल्ली द्यायची नाही. दुसऱ्या वेळी पुण्यात गाडी उतरवून घ्यायला बाबाच होते. ड्रायव्हर घाई करायला लागला तेव्हा त्यांनी खुर्ची मागवली, चष्मा लावला आणि बिल्टीची मागची बाजू पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. चौथ्या कलमापर्यंत ड्रायव्हरनं चहा मागितला.

पैसे, आणि मधेच येणारा फोन

टोकन थोडं, लोड झाल्यावर निम्मे, बाकीचे गाडी उतरून बघितल्यावर. अनेक कंपन्या लोडिंगलाच ऐंशी-नव्वद टक्के मागतात. शेवटचे दोन-तीन हजार तरी हातात राहतील असं बघा, कारण पोच्याची चर्चा तेवढ्यावरच होते.

वाटेत एखादा फोन येऊ शकतो: 'गाडी बॉर्डर पे रुकी है, एंट्री टॅक्स भरना पडेगा.' असलं काही भरायचं नसतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यापासून जकात आणि एंट्री टॅक्स गेले. वापरलेल्या वैयक्तिक वस्तूंना मालवाहतुकीसाठीचं जीएसटीचं ई-वे बिलही लागत नाही. फोनवर वाद न घालता 'कोटेशननुसारच पैसे मिळतील, मागणी लेखी पाठवा' असं व्हॉट्सॲप करा. बहुतेक वेळा पुढे काही येत नाही. गाडी अडवूनच ठेवली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६(३) आहे. वाहतूकदारानं ताब्यात दिलेल्या मालाचा अपहार केला तर सात वर्षांपर्यंत शिक्षा. पोलिस ठाण्यात जाताना बिल्टी, कोटेशन आणि पैसे दिल्याचे पुरावे न्या. टोकन घेऊन माणूसच गायब झाला असेल तर पहिला फोन सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर, शक्य तितक्या लवकर.

उतरवून घेताना

रात्री घेऊ नका. घ्यावीच लागली तर पेट्रोलपंपाच्या उजेडात घ्या. देतानाचा व्हिडिओ एका मोबाइलवर, गाडी समोर. किलोमीटरपासून सुरुवात करा, मग कड न् कड बघा. काही सापडलं तर पोच-पावतीवरच लिहा, 'मागच्या डाव्या दाराला पोचा, जॅक नाही', आणि मग सही. ड्रायव्हर 'लिखो मत, कंपनी से बात कर लो' म्हणेल. त्याचाही नाइलाज असतो, त्याचे पैसे कापले जातात. तरी लिहाच. मी न लिहिल्यामुळे माझ्या पोच्याला पुरावाच उरला नाही.

नुकसानीची लेखी नोटीस बिल्टीवरच्या फर्मला बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत गेली पाहिजे, नाहीतर पुढे दावा लावता येत नाही. गाडी मिळाल्याच्या तारखेपासून मोजू नका. नोटीस स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती ठेवा. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार तुम्ही राहता तिथेही करता येते, फर्मच्या गावी जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची.

एवढं सगळं सुरळीत झालं तरी बिल्टी टाकून देऊ नका. परराज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त राहणार असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे तिथला नंबर घ्यावा लागतो, आणि त्यासाठी आपल्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८. बीएच सिरीजचा, म्हणजे देशभर चालणारा नंबर असेल तर ही कटकट नाही. एमएच १२ पासिंगची आमची गाडी गुरुग्राममध्ये तिसऱ्याच महिन्यात नाकाबंदीत अडवली गेली. "कब से चला रहे हो इधर?" हवालदारानं विचारलं. मी डॅशबोर्डच्या कप्प्यातून ती चुरगळलेली बिल्टी काढून दिली. त्यानं तारीख वाचली, मागे उलटवून पाहिली, आणि गाडी पुढे घ्यायची खूण केली.